साडेतीन मिनिटांचा बिरू

इंदापूर-बारामतीला निघाले आहे असं सांगितलं की आमच्या इमारतीत प्रत्येकाचा एकच प्रश्न यायचा, “कोणाचं लग्न?” लग्न नव्हतं. जमिनीचं काम नव्हतं. त्या भागात माझं ओळखीचं माणूसही नव्हतं. “एका माणसाचं नाव शोधायला चाललेय,” असं खरं कारण सांगितल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यानेही हे आपण रोज सोसतो अशा अर्थाची मान हलवली.

तेव्हा आधी हे नावाचं प्रकरण सांगते. माझी सगळी नोकरी फिल्म संग्रहालयात, जुनी फिल्म तपासण्यात गेली. पांढरे हातमोजे घालायचे, भिंग लावायचं आणि रिळं इंच इंच पुढे सरकवत बसायचं. त्यातही माझा जीव मूकपटांत. बोलका सिनेमा येण्याआधीचे हे चित्रपट. पात्रं ओठ हलवतात, आवाज येत नाही, आणि मधूनमधून पडद्यावर मजकुराची पाटी येते. आपल्याकडचे बहुतेक मूकपट गेले. तेव्हाची फिल्म जरा ऊन लागलं की पेट घ्यायची, आणि पेटली नाही तर डब्यातल्या डब्यात पाझरून पाकासारखी चिकट व्हायची. त्यामुळे एखादा तुकडा धड हाती लागला की आम्ही लोक नातू झाल्यासारखे पेढे वाटतो.

आमच्या संग्रहात असाच एक तुकडा होता. साडेतीन मिनिटांचा. भंगारवाल्याकडून आलेला डबा, त्यावर शाईने फक्त ‘इंदापूर’. चित्रपटाचं नाव नाही, कंपनीचं नाही. त्यात कापसाची दाढी लावलेला एक राजा वनवासात हिंडतोय. समोरून मेंढरं येतात, पाठोपाठ मेंढपाळ. राजा वाट विचारतो. मेंढपाळ उजवा हात लांब करून वाट दाखवतो, मग खाली वाकून एक कोकरू उचलतो, डाव्या खांद्यावर टाकतो, आणि निघायच्या ऐवजी थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतो. अगदी मनापासून, सगळे दात दाखवून. कडेने कोणाचा तरी हात येतो आणि त्याला ढकलतो, तरी हा हसतोच आहे. त्या काळातले नट डोळे फाडफाडून रडायचे, हातभर हात पसरून प्रेम करायचे. या एका माणसाने मात्र अभिनय म्हणून काही केलेलंच नाही. नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मेंढपाळ, नाव अज्ञात.’ राजाचंही नाव माहीत नव्हतं, पण त्याची मला काळजी नव्हती. राजे लोकांची नावं कुठे ना कुठे सापडतात.

निवृत्त झाल्यावरही मी रोज जेवताना या मेंढपाळाचा विषय काढायचे. शेवटी एके दिवशी नवरा म्हणाला, “एकदा जा आणि विचारून ये बाई.” मी तो तुकडा मोबाइलमध्ये भरून घेतला, पुस्तकाएवढा एक प्रोजेक्टर पिशवीत टाकला आणि निघाले.

इंदापूर

डब्यावर इंदापूर, म्हणून पहिलं इंदापूर. स्टँडवर उतरले तर दुपारचा एक वाजलेला आणि मला कडकडून भूक लागलेली. संशोधनाची सुरुवात जेवणाने करावी, या मताची मी आहेच. महामार्गालगत एका खानावळीत चिलापीची थाळी घेतली. उजनीच्या पाण्यातला हा मासा, वरून रवा लावून कुरकुरीत तळलेला, सोबत बाजरीची भाकरी आणि नाकातून पाणी काढणारा रस्सा. आमच्याकडे तिखट झालं का असं विचारतात. इथे मालक लांबून माझा चेहरा बघत होते आणि मी पदराने डोळे पुसल्यावर त्यांना समाधान वाटलं.

जेवण झाल्यावर मी मालकांना मोबाइलवर तो तुकडा दाखवला. ही माझी पहिली चूक. त्यांनी हाक मारून पलीकडच्या टेबलावरच्यांना बोलावलं, त्यांनी बाहेर ट्रकजवळ उभे होते त्यांना, आणि पाच मिनिटांत माझ्या टेबलाभोवती चांगली गर्दी झाली.

“ह्यो आमच्या भावकीतला हाय. नाक बघा की!” एकजण आपलं नाक पुढे करून म्हणाला.

“तुझ्या भावकीत कुनी येवढं हसलंय का कवा? ह्यो आमच्या चुलत आज्ज्यावानी दिसतोय.”

तासाभरात अज्ञात मेंढपाळाला मी पाच नावं आणि चार गावं मिळवून दिली. एका म्हाताऱ्याने माणसावर हक्क सांगितला नाही, पण मेंढरं आमचीच होती असं शपथेवर सांगितलं. एकाने तर राजालाच मामा करून टाकलं. सगळ्यांची नावं मी इमानाने वहीत लिहिली, कारण न लिहिलेलं कोणालाच चाललं नसतं.

शेवटी मालकांनाच माझी दया आली. “म्याडम, हितं असं विचारत बसाल तर उद्यापतूर आख्खा तालुका ह्येचा नातू निघंल. ज्येंचा तंबूचा सिनेमा व्हता त्येंचा मुलगा बारामतीत ऱ्हातो. आबा म्हनत्यात सगळी. त्येंस्नी गाठा.”

म्हणजे मी पुढे आले होते आणि आता मागे जायचं होतं. मी आणखी एक मासा सांगितला आणि मग उठले.

बारामती

आबांचं घर एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. वय ऐंशीच्या जवळ, अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. खानावळीच्या मालकांनी फोन करून ठेवला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचले तर आबा दारातच उभे होते. त्यांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. मला थेट देवघराशी नेलं. देवांच्या पंगतीत, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकू लावलेला एक वाकडा लोखंडी दांडा ठेवला होता.

“ह्यो वडलांच्या मशिनीचा हँडल,” आबा म्हणाले. “मशीन मोडीत गेली. ह्यो न्हाय दिला. दर खंडेनवमीला पूजा करतो.”

मी छत्तीस वर्षं मूकपटांवर काढली आणि अशी पूजा मला कधी सुचली नाही, याची लाज वाटली. तेव्हाचा प्रोजेक्टर विजेवर नव्हे, हाताने फिरवायचा. आबांनी दांडा देवघरातून काढला, डोळ्यांना लावला आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून मला हवेतल्या हवेत अख्खा खेळ फिरवून दाखवला. मारामारी आली की हात भराभर, राणी रडायला लागली की सावकाश, आणि पाऊस यायचा रंग दिसला की इतक्या जोरात, की म्हणे एकदा अख्खं रामायण जेवणाच्या वेळेआधी संपलं होतं. पडद्याशेजारी एक सांगणारा उभा राहायचा. पाट्या वाचायचा, गोष्ट सांगायचा, राक्षसासाठी आवाज काढायचा, आणि वेळ पडली तर पुढच्या रांगेत भांडणाऱ्यांना राक्षसाच्याच आवाजात गप्प करायचा.

मी मोबाइल पुढे केला. आबांनी चष्मा बदलला, बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

“बिरू! आवो, ह्यो बिरू. ह्यो तुकडा तुमच्याकडं कसा?”

इंदापूरच्या पाच नावांत बिरू नव्हतं, म्हणून मी जरा सावधच होते. पण आबांनी पुढचं सगळं सांगितलं. सिनेमाची कंपनी वनवासाचं चित्रण करायला लासुर्ण्याच्या माळावर आली होती. त्यांना हवी होती फक्त मेंढरं. बिरू म्हणाला, मेंढरं माझ्याबिगर पाऊल टाकत न्हाईत. मग त्यालाही घ्यावं लागलं. पुढे कितीतरी वर्षांनी, शहरात बोलपटही जुने झाल्यावर, तो मूकपट फिरत फिरत आबांच्या वडलांच्या तंबूत आला आणि लासुर्ण्याच्या जत्रेत लागला.

“बिरू तवर वारला व्हता. लोकांनी त्येला पडद्यावर चालताना बघितलं आन् खेळ बंद पाडला. परत दावा म्हनं. वडलांनी रीळ उलटं गुंडाळून परत दावलं. तर पुन्यांदा परत दावा. शेवटाला वडलांनी कातर घेतली आन् बिरू येवढाच कापून काढला. येगळा डबा केला. त्या अंगाला तंबू गेला की पयला बिरू दावायचा, मग खेळ.”

फिल्म तपासणाऱ्या बाईसमोर कोणी कातरीचं नाव काढू नये. पण त्या कातरीमुळेच बिरू वाचला होता. बाकीचा चित्रपट राजा-राणीसकट कधीच नाहीसा झाला. मी आबांच्या वडलांना क्षमा केली, कोणी ती मागितली नव्हती तरी.

“घरी मायनं त्या डब्यांत भाकरी ठेवल्या, पापड ठेवलं,” आबा म्हणाले. “ह्यो डबा भंगारात गेला आसंल. डबा मजबूत व्हता हां. परत मिळंल का?”

डबा मिळणार नाही असं मी जड अंतःकरणाने सांगितलं. तेव्हा त्यांनी मला खरी मोलाची गोष्ट दिली. बिरूची लेक अजून होती. भागू तिचं नाव, कळंबात दिलेली, वय नव्वदीला टेकलेलं. “तुमाला नाव पक्कं करायचं हाय न्हवं? मी तवा ल्हान पोर. मी सोडलो तर त्या तंबूत बसून ज्येनं बिरू बघितला असं येकच माणूस ऱ्हायलंय. तिनं व्हय म्हनलं की व्हय.”

कळंब

लासुर्ण्यापासून पुढे सगळा रस्ता उसाचा. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस इतका रचलेला की वळणावर आपणच अंग चोरतो, आणि चालकाच्या डोक्यावर कर्णे लावून गाणी अशी, की मागच्या बसमधल्यांनाही तिकिटाशिवाय ऐकू यावीत. अशा तीन ट्रॉल्यांच्या मागून आमची बस बैलाच्या चालीने आली. फाट्यावर एक सदुसष्ट-अडुसष्टचे गृहस्थ मोटारसायकल घेऊन उभे होते आणि डावा हात उंच करून हलवत होते. हे भागूआक्कांचे चिरंजीव, तात्या. आबांनी त्यांना फोन केला होता.

“आई सकाळपासनं नवं लुगडं नेसून बसलीया,” मला मागे बसवत तात्या म्हणाले. “चा बी घेतला न्हाय. म्हनती, बाला बघितल्याबिगर न्हाय.”

हे ऐकून मला पहिल्यांदा धास्ती वाटली. मी आले होते नोंदवहीतली एक रिकामी जागा भरायला. इथे कोणीतरी चहा सोडून बसलं होतं.

आक्का ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. हिरवं इरकल, कपाळावर गोंदण, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, “ये पोरी.” पासष्टाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं आता जगात कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मी लगेच त्यांच्या बाजूची झाले.

बाप गेला तेव्हा आक्का रांगत होत्या. ताप आला आणि चार दिवसांत गेला. फोटो काढायची रीत मेंढरांमागे हिंडणाऱ्यांत कुठली? सात-आठ वर्षांच्या असताना आईने जत्रेत तंबूत नेलं आणि पडद्याकडे बोट करून सांगितलं, त्यो बघ तुझा बा. पुढच्याच वर्षी आईही गेली. भागूला मामाने लांब माणदेशात नेलं, आणि लग्न होऊन ती या भागात परतली तोवर तंबू बंद झाला होता. बाप म्हणून आक्कांनी जन्मात जे काही बघितलं होतं ते एवढंच, एका संध्याकाळी, कापडावर.

“पन माज्या ध्यानात हाय त्यो,” आक्का म्हणाल्या. “चांगला ध्यानात हाय. माजा बा डावरा व्हता.”

“घराण्याचीच खूण हाय ती,” तात्यांनी आपला डावा हात पुढे केला. “मी बी डावरा.”

यावर सुनेने, शेवंतावहिनींनी, हसत हसत सगळी कथा सांगितली. तात्या शाळेत डाव्या हाताने लिहायचे म्हणून मास्तरांनी पट्टी मारली होती. आक्का शेतातून विळ्यासकट शाळेत गेल्या आणि म्हणाल्या, ह्यो त्येच्या आज्ज्याचा हात हाय, ह्येला मारायचं न्हाय. मास्तरांनी परत मारलं नाही. तेव्हापासून तात्या डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने नारळ फोडतात, डाव्या हाताने प्रसाद वाटतात. दुसऱ्या कोणी डावा हात पुढे केला असता तर गावाने प्रसाद घेतला नसता. पण तात्यांचा हात बिरूचा, म्हणून चालतो.

दुपारच्या उन्हात सिनेमा दाखवायला अंधारी जागा एकच होती, वैरणीची खोली. आम्ही कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला रचल्या, भिंतीला जाड सोलापुरी चादर ठोकली, आक्कांची खुर्ची मधोमध ठेवली. मी प्रोजेक्टर शेणाच्या पालथ्या पाटीवर ठेवला. दार लावलं.

चादरीवर मेंढरं आली. आक्का पुढे झुकल्या. बिरू आला. त्याने हात लांब केला, कोकरू खांद्यावर टाकलं, आमच्याकडे बघून हसला. साडेतीन मिनिटं संपली.

“आई?” तात्यांनी विचारलं.

“न्हाय,” आक्का म्हणाल्या. “ह्यो माजा बा न्हवं.”

मी परत लावलं. आक्कांनी परत बघितलं, आणि या वेळी आधीच मान हलवली. “ह्यो उजव्या हातानं दावतोय. माज्या बानं डाव्या हातानं वाट दावली व्हती. कोकरू बी ह्या खांद्यावर घ्यातलं व्हतं,” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. “ह्यो दुसराच कोनतरी हाय.”

तात्या हळूच मला म्हणाले, “आबाची चूक झाली आसंल म्याडम. तुमी वाईट वाटून घिऊ नगा.” मला फार वाईट वाटलं. नाव सापडलं नाही याचं नव्हे. नव्वदीच्या बाईला नवं लुगडं नेसायला लावून मी तिच्यासमोर एक परका माणूस आणून उभा केला होता. आक्का उठताना फक्त एवढं म्हणाल्या, “लई आस लागली व्हती गं.”

कळंब, जेवणानंतर

जेवण मात्र टळलं नाही. इथे पाहुण्याला भूक आहे का असं विचारत नाहीत, ताट समोर येतं. हुलग्याचं गरम, पातळ माडगं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. मी नको नको म्हणत होते, तरी तिसरी भाकरी पानात पडलीच. आक्का समोर बसून नुसती चटणी चिवडत होत्या. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, “आक्का, तंबू कसा होता हो? कुठे बसला होतात तुम्ही?”

“कुठं म्हंजी? बायांच्या अंगाला.”

“म्हणजे डावीकडे की उजवीकडे?”

“न्हाय गं. मधी पडदा आसायचा. मशिनीच्या अंगाला बाप्ये बसायचं, पडद्याच्या पल्याड आमी बाया. मशीन चालू व्हायच्या आदी पडद्यावर पानी मारायचं, म्हंजी आमच्या अंगाला बी चित्र लख्ख दिसायचं. सांगनारा उभा ऱ्हायचा बाप्यांच्या अंगाला. आमाला त्येचं धड काय ऐकू यायचं न्हाय. मग आमच्यातली येखादी म्हातारीच गोष्ट सांगायची.” आक्कांना पहिल्यांदा जरा हसू आलं. “तिकडं राजा राणीला वनात सोडायचा, आन् हिकडं आमची म्हातारी सांगायची का राणीनंच त्येला हाकलला. घरी गेल्यावर नवराबायकोची हीऽ भांडनं!”

माझा घास हातातच राहिला.

आबांना मी शंभर प्रश्न विचारले होते. हँडल किती वेगाने फिरवायचं, दिवा कसला, सांगणारा कोण. बायका कुठे बसत, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी स्वतः बाई. सगळी नोकरी मूकपटांत काढली. आणि या सगळ्या काळात मी प्रत्येक मूकपट फक्त पुरुषांच्या बाजूने बघितला होता. स्वतःच्या अकलेबद्दल त्या क्षणी माझं जे मत झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी शेवंतावहिनींना विचारलं, घरात एखादं पातळ धोतर आहे का? ट्रंकेतून सासऱ्यांचं मलमलचं धोतर निघालं. ते आम्ही वैरणीच्या खोलीत मधोमध दोरीवर आडवं टांगलं. पाणी मारायला तात्या पाठीवर फवारणीचा पंप चढवून आले, तर वहिनी ओरडल्या, “आवो, त्यात तननाशक हाय! आज्ज्याला मारताय का परत?” मग तांब्यात पाणी घेऊन वहिनींनीच हाताने धोतर भिजवलं.

तात्यांना मी प्रोजेक्टरचं बटण दाखवून अलीकडे उभं केलं. आक्कांचा हात धरून मी त्यांना धोतराच्या पलीकडे नेलं, कडब्याच्या पेंढीवर बसवलं आणि आम्ही दोघी, मी आणि वहिनी, त्यांच्या दोन बाजूंना बसलो. कशासाठी ते मी कोणालाच सांगितलं नाही. परत चुकले असते तर एकदा सांगून फजिती होण्यापेक्षा न सांगता झालेली बरी.

“लावा तात्या!”

ओल्या कापडातून मेंढरं आमच्याकडे आली. पाठोपाठ बिरू आला, थांबला, आणि त्याने डावा हात लांब करून वाट दाखवली.

आक्कांनी माझं मनगट घट्ट पकडलं. बिरू वाकला. कोकरू उचलून त्याने उजव्या खांद्यावर टाकलं.

“बा!” आक्का एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेर गोठ्यातली म्हैस हंबरली. “ह्योच! ह्योच माजा बा! आगं शेवंता, बघ, तुजा आजेसासरा! बघ कसा हसतोय!”

वहिनी रडायला लागल्या, मी तर आधीपासूनच लागले होते. बिरू आमच्या तिघींकडे बघून सगळे दात दाखवून हसत होता. त्याला ढकलणारा हातही या वेळी दुसऱ्या बाजूने आला.

तेवढ्यात धोतराच्या अलीकडून तात्यांचा आवाज आला. “आई, पर हितनं तर त्यो उजव्याच हातानं दावतोय की!”

मला आता समजावून सांगणं भाग होतं. कापडाच्या मागून बघितलं की डावं-उजवं बदलतं, पातळ साडीवरची नक्षी मागून उलटी दिसते तसं. आबांची चूक नव्हती, आक्कांचीही नव्हती. माणूस एकच. फक्त तो डावरा नव्हता.

तात्या धोतराच्या कडेने आत आले. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे. “आई, आज्ज्या उजव्या हाताचा व्हता? मग मी कुनावर गेलो?”

सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा चेहरा एवढा पडलेला मी क्वचितच बघितला आहे. आक्का म्हणाल्या, “तू कुनावर बी गेला न्हाईस. तू तुजाच डावरा.” आणि पुढे म्हणाल्या, “त्या मास्तराला मातूर मी उगंच विळा दावला. आता चूक झाली म्हनावं तर त्यो बी न्हाय.”

पहिल्या हसल्या त्या वहिनी. मग तात्या. मग खोलीतल्या सगळ्यांनाच ते अनावर झालं.

नोंदवहीत आता ‘बिरू, मेंढपाळ, लासुर्णे’ असं लिहिलं आहे, आणि ओळख पटवणाऱ्याच्या रकान्यात ‘मुलगी, भागूबाई, कळंब, पडद्याच्या मागील बाजूने पाहून’. तो रकाना तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने हे काय म्हणून मला फोन केला होता, आणि मी त्याला चांगला अर्धा तास गोष्ट सांगितली. पण हे नंतरचं.

तिथे, वैरणीच्या खोलीत, हसू ओसरल्यावर आक्का पेंढीवरून उठल्या. “मला तिकडं न्या.”

“आत्ती, तिकडं बाप्यांचं अंग हाय,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

“आसू दे. आता कोन आडवतंय?”

धोतर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आम्ही त्यांना पुढच्या बाजूला आणलं. त्या आपल्या मघाच्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला. तात्या मात्र आमच्याबरोबर आले नाहीत. ते पलीकडेच थांबले, आईने सोडलेल्या पेंढीवर बसले आणि म्हणाले, “मी जरा हितनं बघतो.” मी बटण दाबलं.

मेंढरं आली. बिरूने हात लांब केला.

“आई,” पलीकडून तात्या खुशीत ओरडले, “हितनं अजून डावराच हाय!”

आक्कांचं लक्ष बिरूच्या उजव्या हाताकडे होतं, ते त्या हाताबरोबर खाली कोकरापर्यंत गेलं आणि डाव्या खांद्यापर्यंत वर आलं. मग बिरूने मान वळवली आणि समोर बघून हसला. आक्का खुर्चीतून अर्धवट उठल्या, पडद्याकडे हात केला आणि म्हणाल्या, “बा, मी हिकडं आलेय.”